ग्रंथालय अधिवेशन, हवामानाचा विषय आणि बीजभाषक: पहिल्या ठरावापासून शेवटच्या पावतीपर्यंत

जिल्हा ग्रंथालय संघाच्या अधिवेशनाचे विषय बहुधा ठरलेले असतात: अनुदान, दर्जावाढ, कर्मचाऱ्यांचे वेतन, वाचनसंस्कृती. यंदा आमच्या कार्यकारिणीने ‘गाव, ग्रंथालय आणि बदलते हवामान’ हा विषय घेतला आणि बीजभाषणांची, म्हणजे विषयाची मांडणी करणाऱ्या मुख्य भाषणांची, जबाबदारी एका छोट्या उपसमितीवर सोपवली. अधिवेशन जानेवारीत पार पडले. शेजारच्या जिल्ह्यांतही हाच विषय घ्यायचा विचार चालू आहे आणि वक्ते कसे मिळवले, किती खर्च आला, कागदपत्रे काय लागली अशी विचारणा होते. म्हणून सगळे क्रमाने लिहून ठेवत आहोत.

आधी विषयाबद्दल. ग्रंथालयांचा हवामानाशी काय संबंध, हा प्रश्न कार्यकारिणीतही आला होता. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचे. 2005 च्या पुराने त्याचे नुकसान केले आणि 22 जुलै 2021 च्या पुराने पुन्हा केले. 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा तिथल्या नगर वाचनालयाची पुस्तके भिजली. आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला, तिथे पुराची भीती कमी. पण शासकीय वर्गवारीतल्या सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गातली कितीतरी वाचनालये पत्र्याच्या एका खोलीत आहेत. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर तिथे कुणी बसू शकत नाही, आणि मार्चमधली गारपीट पत्र्यातून थेट कपाटावर उतरते. ज्या गावात ग्रामपंचायतीखेरीज रोज ठरलेल्या वेळी उघडणारी सार्वजनिक जागा वाचनालय हीच आहे, तिथे हा विषय बाहेरचा राहत नाही.

जूनच्या बैठकीत ठराव झाला. ठरावाच्या शब्दांकडे नीट लक्ष द्या, कारण पुढची सगळी पत्रे आणि बिले त्याच्यावर उभी राहतात. ‘मान्यवर वक्त्यांना निमंत्रित करावे’ एवढे लिहून भागत नाही. बीजभाषणे किती, प्रत्येकाला मानधन किती, प्रवास कोणत्या दर्जाचा, मुक्काम किती रात्रींचा, आणि ऐनवेळी वक्ता बदलायचा झाल्यास अधिकार कोणाला, हे पाचही मुद्दे ठरावात घ्या. आमच्या ठरावात दोन बीजभाषणे, प्रत्येकी 5,000 रुपये मानधन, प्रत्यक्ष प्रवासखर्च आणि एका रात्रीचा मुक्काम असे होते. वक्ता बदलण्याचा अधिकार अध्यक्ष आणि कार्यवाह या दोघांना एकत्रितपणे दिला होता. तो नसता, तर प्रत्येक बदलासाठी कार्यकारिणीची सभा बोलवावी लागली असती.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट स्पष्ट करून घेतली: उद्घाटक, प्रमुख पाहुणे आणि बीजभाषक ही तीन वेगळी माणसे असतील. उद्घाटनाला लोकप्रतिनिधी येतात, त्यांचा मान ठेवायचाच असतो. पण त्यांची वेळ आपल्या हातात नसते. बीजभाषण उद्घाटनाच्या सत्रात बांधले की पाहुणे उशिरा आल्यावर कात्री बीजभाषणालाच लागते. आम्ही उद्घाटन 10 वाजता आणि पहिले बीजभाषण 11:15 ला स्वतंत्र सत्र म्हणून ठेवले. स्वतंत्र सत्र म्हणजे व्यासपीठावरच्या खुर्च्याही नव्या: फक्त वक्ता आणि सत्राध्यक्ष. हे निमंत्रणपत्रिकेत छापून टाकावे. छापलेले असले की ऐनवेळी कुणी मंचावर राहण्याचा आग्रह धरत नाही.

नावांची यादी करण्याआधी प्रश्नांची यादी केली. सगळ्या प्रक्रियेत सर्वांत उपयोगी पडले ते हेच. ‘हवामानावर कोण चांगले बोलते?’ असे विचारले की तीच चार-पाच गाजलेली नावे पुढे येतात. त्याऐवजी तालुक्यांच्या बैठकांत ग्रंथपालांना विचारले, ‘तुमच्या गावाला आणि वाचनालयाला या बाबतीत नेमके काय कळायला हवे आहे?’ उत्तरे फार स्पष्ट आली. पाऊस कमी झाला आहे की फक्त त्याचे दिवस बदलले आहेत? मोबाइलवर येणाऱ्या इशाऱ्यांपैकी खरा कोणता, हे कसे ओळखायचे? पुस्तके भिजली तर पहिल्या दिवशी काय करायचे? शेतकरी वाचनालयात येऊन विमा आणि नुकसानभरपाईबद्दल विचारतात, त्यांना काय दाखवायचे? या प्रश्नांतून दोन वक्त्यांचे चित्र आपोआप तयार झाले: एक हवामानशास्त्र जाणणारा आणि मराठीत सोपे बोलणारा, दुसरा स्वतः पुरातून ग्रंथालय उभे केलेला.

शास्त्राचा माणूस शोधायला महाराष्ट्रात अडचण नाही. भारतीय हवामान खाते 1875 सालचे, त्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, पण पुण्यातली ती इमारत अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. या दोन संस्थांतून निवृत्त झालेले अनेक मराठी शास्त्रज्ञ पुण्यात राहतात आणि गावाकडे जाऊन बोलायची त्यांची तयारी असते. याखेरीज राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत कृषी हवामानशास्त्राची माणसे आहेत. त्यांना आपल्या पिकांची आणि आपल्या भागाची भाषा ठाऊक असते, हा मोठा फायदा. पाण्यावर भर असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे निवृत्त भूवैज्ञानिक पाहावेत.

दुसऱ्या प्रकारचा वक्ता मात्र प्रसिद्धीत नसतो. त्यासाठी कोकण आणि कृष्णाकाठच्या ग्रंथालय संघांच्या कार्यवाहांना फोन केले आणि एवढेच विचारले, ‘पुरानंतर पुस्तकांना प्रत्यक्ष हात कुणी लावला?’ संस्थेचे अध्यक्ष अर्थातच मोठे असतात. पण चिखलातून दाखल नोंदवही (वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकासह नोंद असलेली वही) बाहेर काढणारी व्यक्ती बहुधा ग्रंथपाल किंवा शिपाई असते. अशाच एका पूरग्रस्त वाचनालयाच्या ग्रंथपाल मॅडमनी होकार दिला. बीजभाषण म्हटल्यावर त्या आधी संकोचल्या होत्या. ‘मी काही वक्ता नाही हो,’ असे म्हणाल्या. ‘मॅडम, तुम्ही केलेले काम तुमच्याच क्रमाने सांगा, भाषण करू नका,’ एवढे सांगितल्यावर तयार झाल्या. पद नसलेल्या माणसाला बीजभाषणाचा मान द्यायला काही सभासदांचा विरोध असतो, हे गृहीत धरा. जूनच्या ठरावातच ‘प्रत्यक्ष अनुभव असलेले ग्रंथालय कर्मचारी’ असे शब्द असतील तर तो वाद मिटतो.

जुलैत पहिले फोन केले. नाव पक्के करण्याआधी त्या व्यक्तीचे एखादे ध्वनिमुद्रित व्याख्यान संपूर्ण ऐका. भाषण चांगले असणे पुरेसे नसते, प्रश्नोत्तरांचा भाग मुद्दाम ऐका. श्रोत्याने आपल्या विहिरीबद्दल विचारले आणि उत्तर आर्क्टिकच्या बर्फाबद्दल आले, तर त्या वक्त्याचा आपल्याला उपयोग नाही, मग नाव कितीही मोठे असो. फोनवर पहिल्या दहा मिनिटांत कळायला हव्यात अशा गोष्टी: आमच्या जिल्ह्याची आकडेवारी पाठवली तर ती वापरून बोलाल का, 35 मिनिटांत संपवाल का, नंतर 25 मिनिटे प्रश्न घ्याल का, आणि भाषण ध्वनिमुद्रित करून लिखित स्वरूपात छापायला हरकत नाही ना. शेवटचा प्रश्न आधीच विचारावा. भाषण झाल्यावर विचारले की अवघडल्यासारखे होते.

मानधनाचा आकडा आपणहून सांगा. ‘सर, आमची संस्था छोटी आहे, आम्ही अमुक देऊ शकतो’ असे पहिल्याच फोनवर म्हटले की दोन्ही बाजू मोकळ्या होतात. ज्यांना परवडत नाही ते तिथेच नम्रपणे नाही म्हणतात आणि तुमचे दोन महिने वाचतात.

तारीख ठरवणे हे वेगळेच काम आहे. पावसाळ्यात गावोगावचे ग्रंथपाल येऊ शकत नाहीत. गणपती, नवरात्र, दिवाळी वगळावे लागते. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते, तेव्हा अधिकारी आणि लोकप्रतिनिधी मिळत नाहीत. त्याच काळात जिल्ह्याचा ग्रंथोत्सव असतो, त्याची तारीख जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना आधी विचारून घ्या. निवडणुका जवळ असतील तर आचारसंहितेचा विचार करा, शासकीय सभागृह मिळेनासे होते. फेब्रुवारीनंतर उकाडा वाढतो. मंडपात दिवसभर बसवायचे असेल तर जानेवारीच्या पुढे जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, हे हवामानावर अधिवेशन घेणाऱ्यांनी तरी विसरू नये. सगळे वगळून जानेवारीतले दोन रविवार उरले. वक्त्यांना दोन्ही तारखा दिल्या आणि दोघांना जमणारी पक्की केली.

ऑगस्टमध्ये औपचारिक पत्रे गेली. फोनवरचा होकार हा होकार नव्हे. लेटरहेडवर जावक क्रमांक आणि दिनांक घालून पत्र पाठवा, त्यात ठरावाचा क्रमांक, सत्राची नेमकी वेळ, विषय, मानधन आणि प्रवासाची व्यवस्था लिहा आणि खाली सहमतीची दोन ओळींची जागा सोडा. सही होऊन ते परत येईपर्यंत पत्रिका छापायला देऊ नका. वक्ते शासकीय किंवा विद्यापीठाच्या सेवेत असतील तर कार्यालयाची परवानगी लागते, मानधन स्वीकारण्यासाठीही लागते. अशा वेळी पत्र वक्त्याच्या नावे न पाठवता कार्यालयप्रमुखाच्या नावे, ‘आपल्या कार्यालयातील अमुक यांना परवानगी मिळावी’ असे पाठवून प्रत वक्त्याला द्यावी. परवानगीला महिना-दीड महिना सहज लागतो. निवृत्तांच्या बाबतीत ही अडचण नसते, पण त्यांची प्रकृती आणि प्रवासाची सोय पाहावी लागते.

राखीव वक्ता आत्ताच ठरवा. आमच्याच जिल्ह्यातले कृषी हवामान विषयाचे एक प्राध्यापक दुसऱ्या सत्रातल्या चर्चेत होते. त्यांना मोकळेपणाने सांगितले होते, ‘सर, वेळ आलीच तर बीजभाषण तुम्हाला करावे लागेल, टिपण तुम्हालाही पाठवतो.’ वेळ आली नाही, पण सगळ्यांच्या मनावरचा ताण त्यामुळे कमी झाला.

आता टिपण, म्हणजे वक्त्याला आधी पाठवायची आपल्या जिल्ह्याची माहिती. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. वक्ता कितीही जाणकार असला तरी त्याला आपला जिल्हा माहीत नसतो, आणि माहीत नसले की तो पृथ्वीचे सरासरी तापमान आणि हिमनद्या यांवर बोलतो. त्यात त्याचा दोष नाही. बीजभाषण कामाचे होते की नाही, हे आपण त्याला काय दिले यावर ठरते. सप्टेंबर-ऑक्टोबरात आम्ही चार पानांचे टिपण तयार केले.

पहिल्या पानावर श्रोते कोण: किती वाचनालये, त्यांतली कोणत्या वर्गातली किती, किती स्वतःच्या इमारतीत, किती पत्र्याच्या छपराखाली, किती ठिकाणी संगणक चालू. ही माहिती तालुका प्रतिनिधींनी फोनवर गोळा केली. दुसऱ्या पानावर जिल्ह्याचा पाऊस. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातला काही गावांचा महसुली गट) रोजच्या पावसाची नोंद मिळते. त्यातून गेल्या काही वर्षांचे तालुकावार आकडे उतरवून घेतले. तिसऱ्यावर पाणी. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. जिल्हा कार्यालयात अर्ज दिला तर आपल्या तालुक्याचे आकडे मिळतात. सोबत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यातली पूर, वीज आणि उष्णता यांची पाने जोडली. हा आराखडा बहुतेक जिल्ह्यांच्या शासकीय संकेतस्थळावर असतो. तो वाचनालयात छापील स्वरूपात ठेवावा, असेही या निमित्ताने ठरले.

चौथे पान आमच्या ग्रंथालयांनीच दिले आणि दोन्ही वक्त्यांनी ते सर्वांत जास्त वापरले. जुन्या वाचनालयांत स्थानिक वृत्तपत्रांच्या बांधीव फायली असतात, जिल्हा गॅझेटियर असते. त्यांतून 1972 च्या दुष्काळाच्या बातम्या, जुन्या गारपिटीच्या नोंदी, कोणत्या नदीला कोणत्या साली कुठवर पाणी आले होते ते, अशा मोजक्या उताऱ्यांच्या प्रती काढल्या. एका वाचनालयात गावातल्या एका शिक्षकांनी लिहिलेली पावसाची वही निघाली. निळ्या शाईत आखलेले रकाने, रोजचा आकडा मिलिमीटरमध्ये आणि शेजारी एखादा शब्द: ‘वीज’, ‘पेरणी’, ‘नाला वाहिला’. तिची दोन पाने स्कॅन करून टिपणाला जोडली. पुण्याहून यायचे ठरलेल्या शास्त्रज्ञ सरांचा टिपण मिळाले त्याच संध्याकाळी फोन आला आणि त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता, ‘पर्जन्यमापक कुठे बसवला होता, छपराजवळ तर नव्हता ना?’ भाषणाचा रोख तिथेच ठरला. शेवटी ग्रंथपालांचे प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, जसेच्या तसे लिहिले. ते सुधारून, प्रमाण भाषेत घालून पाठवू नका.

टिपण पाठवल्यावर दोन आठवड्यांनी प्रत्येक वक्त्याशी अर्धा तास फोनवर बोलणे झाले. दोघांचा एकमेकांशीही संपर्क करून दिला, म्हणजे तेच मुद्दे दोनदा येत नाहीत. वाचायला म्हणून परदेशी ग्रंथालयांची उदाहरणेही जमवली होती. ‘इफ्ला’ ही ग्रंथालयांची जागतिक संघटना 2016 पासून हरित ग्रंथालयांना पुरस्कार देते, त्यातले काही प्रकल्प सुंदर आहेत. पण एका खोलीच्या वाचनालयाला मोठ्या इमारतीची उदाहरणे दाखवली की ऐकणारा मनातून हात झटकतो, म्हणून ती बीजभाषणात न घेता प्रदर्शनाच्या फलकावर ठेवली.

पैशांचे बोलू. दोन्ही वक्त्यांवर मिळून खर्च 30 हजारांच्या आत राहिला. मानधन 10 हजार, पुण्याहून येण्याजाण्याची गाडी, कोकणातून येणाऱ्या मॅडम आणि त्यांच्या सोबतच्या सहकारी यांचा प्रवास, दोन खोल्यांचा एका रात्रीचा मुक्काम आणि जेवण. रक्कम प्रतिनिधी शुल्कातून आणि देणगीतून उभी केली. ग्रंथालयाच्या शासकीय अनुदानातून असा खर्च दाखवण्याआधी लेखापरीक्षकांचे मत लेखी घ्या. कोलकात्याचे राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान चर्चासत्रे आणि कार्यशाळांना साहाय्य करते, पण प्रस्ताव राज्यामार्फत जातो आणि वेळ लागतो. पुढच्या वर्षीचे अधिवेशन डोळ्यांसमोर ठेवून अर्ज करावा, याच वर्षीचा खर्च त्याच्या भरवशावर ठेवू नये.

मानधन रोखीने न देता खात्यात जमा करा. एका दिवसात एका व्यक्तीला 10 हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर न्यासाच्या हिशेबात तो खर्च अडचणीत येतो. व्यावसायिक शुल्कावरच्या करकपातीची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 50 हजार झाली आहे, त्यामुळे एवढ्या मानधनावर कपात लागत नाही. तरी पॅन क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेल्या धनादेशाची प्रत आधीच मागून घ्या. 5,000 च्या वरच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. गाडीच्या बिलावर सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर, टोलच्या पावत्या आणि वाहन क्रमांक नसेल तर लेखापरीक्षणात तेवढ्यासाठी पत्रव्यवहार वाढतो.

डिसेंबरात वक्त्यांकडून सादरीकरण मागवले. इथे हमखास घोळ होतो. अनेक जण अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहितात, आणि सभागृहाच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. आठ दिवस आधी फाइल मागवा, पीडीएफ करून घ्या आणि शक्य असल्यास युनिकोडमध्ये टंकून द्या. आलेखाचा अक्षरआकार मागच्या रांगेतून वाचता येतो का ते प्रत्यक्ष सभागृहात तपासा. पावसाच्या तीस वर्षांच्या आलेखाऐवजी एका तालुक्याचा एकच आलेख मोठा करून दाखवला तर तो लक्षात राहतो. सरांनी चार आलेख काढून टाकायला आनंदाने मान्यता दिली.

आदल्या संध्याकाळी वक्ते पोहोचतील असेच प्रवासाचे नियोजन करा. सकाळी निघून अकराला पोहोचू, हे घाटातल्या एका बंद पडलेल्या ट्रकमुळे फसते. प्रत्येक वक्त्यामागे एक जबाबदार माणूस नेमा, जो स्टेशनवरून आणण्यापासून परत सोडण्यापर्यंत सोबत असेल आणि ज्याच्याकडे त्या दिवशी दुसरे काम नसेल. पथ्य, औषधांच्या वेळा, जिना चढता येतो का, हे आधी विचारून त्याला सांगून ठेवा. मुक्काम शक्यतो सभागृहाजवळ.

प्रत्यक्ष दिवशी वेळ सांभाळणे हेच मुख्य काम असते. आमच्याकडे लांबच्या तालुक्यातल्या प्रतिनिधींना शेवटची एसटी गाठायची असते, म्हणून चारनंतर सभागृह रिकामे होऊ लागते. दोन्ही बीजभाषणे जेवणाआधी घेतली. वक्त्याचा परिचय चार वाक्यांचा, लिहून दिलेला. स्वागत शाल-श्रीफळाऐवजी एक रोप आणि स्थानिक लेखकाचे पुस्तक, तेही भाषणाआधी, म्हणजे नंतरचा वेळ प्रश्नांना राहतो. वेळेची चिठ्ठी शेवटची 10 आणि शेवटची 3 मिनिटे उरली असताना सत्राध्यक्षांनीच द्यायची, हे वक्त्यांना आदल्या रात्री जेवताना सांगितले होते. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून जनित्र, आणि ते सुरू होईपर्यंतच्या दोन मिनिटांसाठी बॅटरीवर चालणारा ध्वनिक्षेपक ठेवला होता.

सरांनी पावसाच्या वहीपासून सुरुवात केली. पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजायचा, पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर, जवळच्या झाडा-भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे गेला की हवामान खाते त्याला मुसळधार म्हणते, 115.6 च्या पुढे अतिमुसळधार. शेतकऱ्याच्या ओळखीचा आकडा म्हणजे मंडळातला 65 मिलिमीटर, कारण अतिवृष्टीच्या पंचनाम्याशी तो जोडलेला असतो. उष्णतेची लाट म्हणजे मैदानी भागात तापमान किमान 40 अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी मराठी कृषी हवामान सल्ला पत्रिका छापून वाचनालयाच्या फलकावर लावा, त्यासाठी एक पान पुरते, असे त्यांनी सांगितले तेव्हा सभागृहात वह्या उघडल्याचा आवाज आला. खोट्या इशाऱ्याचा प्रश्नही त्यांनी तिथेच सोडवला: संदेशावर हवामान खात्याचे नाव, दिनांक आणि वैधतेचा कालावधी नसेल तर तो पुढे पाठवायचा नाही.

मॅडमनी सोबत एक पुस्तक आणले होते. पुरात भिजून वाळलेले, फुगून दुप्पट जाड झालेले, गुळगुळीत कागदाची चित्रपाने एकमेकांना चिकटून पाटीसारखी घट्ट झालेली. ते त्यांनी पहिल्या रांगेत दिले आणि बोलता बोलता ते मागपर्यंत फिरले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. बुरशी साधारण 48 तासांत धरते, म्हणून पहिले दोन दिवस सर्वांत मोलाचे. हातमोजे आणि मुखपट्टीशिवाय आत जाऊ नका, पुराच्या चिखलात सांडपाणी असते. चिखल लागलेले पुस्तक मिटलेलेच ठेवून स्वच्छ पाण्यात हलके धुवा, उघडून पाने पुसायला गेलात तर फाटतात. गुळगुळीत कागद ओला असतानाच पानांमध्ये कोरे कागद घाला, वाळल्यावर तो सुटत नाही. उन्हात टाकू नका, सावलीत पंख्याखाली उभी ठेवा. सगळी एकदम वाळवणे शक्य नसेल तर दुर्मीळ ग्रंथ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून गावातल्या एखाद्या शीतगृहात गोठवा, निर्णयाला वेळ मिळतो. दाखल नोंदवही कधीही खालच्या कप्प्यात ठेवायची नाही आणि तिचे फोटो काढून दुसऱ्या गावातल्या माणसाकडे ठेवायचे, कारण नोंदवही गेली की काय गेले हेच सिद्ध करता येत नाही. आणि पंचनामा झाल्याशिवाय एकही पुस्तक फेकायचे नाही. दुर्गंधी सहन होत नाही, लोक घाई करतात, आणि मग नुकसानीची नोंद आणि पुस्तके बाद करण्याची मंजुरी दोन्ही अडकतात.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घेतले. माइक फिरवला की दोघे-तिघे भाषणे करतात आणि बोलायला संकोचणाऱ्या ग्रंथपाल ताई मागे राहतात. चिठ्ठीवर नाव लिहायची सक्ती नव्हती, त्यामुळे ‘आमच्या वाचनालयाला कपाटच एक आहे, वरचा कप्पा कुठून आणू?’ असाही प्रश्न आला आणि मॅडमनी त्यावर नीट पाच मिनिटे दिली: भिंतीत पाच फुटांवर एक फळी, तिच्यावर पत्र्याची पेटी, पेटीत नोंदवही आणि रोजकीर्द.

अधिवेशनानंतरच्या आठवड्यात मानधन जमा केले, पावत्या घेतल्या आणि आभाराच्या पत्रासोबत फोटो पाठवले. वक्ता शासकीय सेवेत असेल तर उपस्थितीचा दाखला त्याच दिवशी हातात द्या, त्यावर रजेचा हिशेब अवलंबून असतो. ध्वनिमुद्रणावरून भाषणे उतरवायला फेब्रुवारी गेला. उतरवलेला मजकूर आकड्यांसह वक्त्यांकडून तपासून, पानोपानी सही घेऊनच छापायला दिला. बोलण्याच्या ओघात दशांश चिन्ह हरवते आणि 64.5 चे 645 होतात. छपाई साध्या कागदावर, 24 पाने. या पुस्तिका मेच्या अखेरीपर्यंत, म्हणजे पावसाआधी, प्रत्येक वाचनालयात पोहोचायच्या आहेत. टपालखर्च वाचवण्यासाठी तालुक्याच्या मासिक बैठकीत त्या हातोहात देतो आणि पोच म्हणून दाखल क्रमांक लिहून घेतो. कोणत्या वाचनालयाने पुस्तिका दाखल केली आणि कोणत्या ठिकाणी ती गठ्ठ्यातच राहिली, ते त्यावरून कळते.